डबा शोधायला चला

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ज्येष्ठ सभासदांच्या मनोगतात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना जे राहून गेले, ते लिहिताना घातले आहे.)



सचिव मला म्हणाले, "अण्णा, तुम्ही अमेरिकेला जाऊन आलाय, दहा मिनिटं बोला." मी म्हटलं, तिथले रस्ते किती स्वच्छ आणि हॉर्न कसा कुणी वाजवत नाही, हे आता सगळ्यांनी ऐकलंय. आपल्या सोसायटीतल्या निम्म्या घरांतली पोरं तिकडं आहेत. म्हणून मी फक्त एका खेळाबद्दल बोलणार आहे. त्याच खेळापायी गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी या सोसायटीत मोठा गोंधळ घातला होता. काही जण आत्ताच हसायला लागलेत. थांबा, तिथंही येतो.

२०२३ च्या जुलैत मी आणि आमच्या सौभाग्यवती मुलाकडे गेलो. तो ओरेगन राज्यात पोर्टलंड शहराजवळ राहतो. नातू तेव्हा ११ वर्षांचा होता. विमानतळावर त्याने वाकून नमस्कार केला आणि त्यानंतर आठ दिवस आमचं बोलणं म्हणजे "हाय आजोबा" आणि "गुडनाईट आजोबा". त्यात त्याची चूक नव्हती. त्याला मराठी समजतं, पण बोलताना अडखळतो. माझं इंग्रजी कारखान्याच्या काट्यावरचं, ग्रॉस वेट, टेअर वेट आणि नेट वेट एवढंच. एका रात्री मी त्याला म्हटलं, "पुढच्या सुट्टीत वारणानगरला ये." त्यानं प्रामाणिकपणे विचारलं, "आजोबा, तिथे येऊन मी काय करू?" मला उत्तर देता आलं नाही. नदी आहे, ऊस आहे, जोतिबाचा डोंगर आहे, असं काहीतरी बोललो. तो "ओके" म्हणाला. हा "ओके" ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे.

मग मुलानं आठ दिवसांसाठी एक आरव्ही भाड्यानं घेतली. आरव्ही म्हणजे घरगाडी. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज आणि संडास-बाथरूम. गाडी रात्री कॅम्पग्राउंडवर लावायची, तिथल्या खांबाला वायर जोडली की वीज, नळाला पाइप जोडला की पाणी. सांडपाण्याची टाकी वेगळी, संडासाची वेगळी, आणि त्या ठराविक जागीच रिकाम्या करायच्या. पहिल्यांदा मुलगा हातमोजे घालून तो जाड पाइप जोडायला लागला तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढं शिकून शेवटी हेच करायचं?"

मला मात्र ती गाडी बघून आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवल्या. दिवाळी झाली की बीडकडची माणसं बायकापोरं, भांडीकुंडी आणि कोंबड्यांसकट येतात आणि फडाजवळ खोपी घालतात. आयुष्यभर मी काट्यावरून त्यांच्या गाड्या येताना पाहिल्या. चाकांवरचा संसार मला नवा नव्हता. फरक एवढाच, की तिकडं माणूस हौसेनं घर सोडतो आणि इकडं पोटासाठी सोडावं लागतं. हौसेची गोष्ट सांगताना हा फरक विसरू नये असं मला वाटतं.

तर पहिल्या दिवशी आम्ही न्यूपोर्ट गावाजवळ समुद्रकिनारी मुक्काम केला. पाच तास गाडीत बसून गुडघे आखडले होते. नातू मोबाईल घेऊन खाली उतरला आणि वडिलांना म्हणाला, "इथे जवळ एक कॅश आहे." मला वाटलं, पैसे पडलेत की काय! मुलगा हसला. म्हणाला, "अण्णा, कॅश म्हणजे लपवलेला डबा. तुम्ही पण जा त्याच्याबरोबर."

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवतो. ते आकडे मोबाईलमध्ये घालायचे आणि बाण दाखवेल तिकडं चालायचं. डब्यात एक वही असते. डबा सापडला की वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. डबा मोठा असेल तर आत खेळणी, नाणी, किल्लीच्या साखळ्या असं काहीबाही असतं. त्यातलं एक घ्यायचं असेल तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं काहीतरी आपण ठेवायचं. बाकी बक्षीस नाही, नंबर नाही, प्रवेश फी नाही.

आम्ही झाडीत शिरलो. मोबाईल म्हणाला, तीन मीटर. नातू त्या तीन मीटरात पंधरा मिनिटं गोल-गोल फिरला. कारण काय, तर या यंत्राचा नेम काही मीटर इकडं-तिकडं होतोच, आणि दाट झाडीत जास्तच होतो. शेवटचं अंतर डोळ्यानंच काढावं लागतं. मी नुसता उभा राहून बघत होतो. एका जुन्या खोडापाशी सालीचा एक तुकडा पडला होता. बाकी सगळ्यावर शेवाळ, आणि या तुकड्याची शेवाळाची बाजू खाली, जमिनीकडं. झाड स्वतःची साल अशी ठेवत नाही. मी म्हटलं, "बाळा, ते उचलून बघ."

खाली डबा होता!

त्या पोरानं जी आरोळी ठोकली, ती आपल्या मैदानावर कुस्ती निकाली झाल्यावर ठोकतात तशी होती. वहीत त्यानं आपलं टोपणनाव लिहिलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी देवनागरीत लिहिलं, "वारणानगर, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर." त्या रात्री शेकोटीजवळ तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?" मग मी त्याला काट्यावरच्या गोष्टी सांगितल्या. कुणी गाडीत ओला पाला दडवायचा, कुणी वजनाच्या वेळी गाडीवरच उभा राहायचा, आणि आम्ही ते नजरेनं कसं ओळखायचो. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, पण आमची दोन तास गप्पा झाल्या.

पुढचे सात दिवस मशीन त्याचं आणि डोळे माझे. घरगाडीवाल्यांना हा खेळ का आवडतो तेही मला कळलं. अनोळखी गावात गाडी उभी केली, की पुढं काय करायचं हा प्रश्न असतो. डबा लपवणारा बहुधा तिथलाच माणूस असतो. तो तुम्हाला अशा जागी नेतो जी पर्यटनाच्या पुस्तकात नसते, म्हणजे एखादा जुना पूल, लहानसा धबधबा, पडकी शाळा. बसून बसून आंबलेल्या अंगाला चालणं होतं. प्रत्येक डब्याला दोन आकडे दिलेले असतात, शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, १ ते ५. त्यामुळे गुडघेदुखीवाल्यानं वाट १ निवडायची आणि पोरांनी ४. आमच्या सौभाग्यवतींनी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असताना नऊ डबे शोधले. एक गोष्ट मात्र बघावी लागते. घरगाडी लांबलचक असते, ती डब्याजवळ वळेल का, उभी राहील का, हे आधी पाहायचं. नाहीतर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट बोळात घातल्यासारखं होतं.

सौभाग्यवतींना एका डब्यात शेंगदाण्याचा लाडू ठेवायचा होता. नातवानं अडवलं. खायचा पदार्थ ठेवायला मनाई आहे, वासानं जनावरं येतात आणि डबा फोडतात. मग आम्ही किल्लीला लावायची इवलीशी कोल्हापुरी चप्पल ठेवली. तिला एक क्रमांकाचा बिल्ला अडकवला. असा बिल्ला असलेली वस्तू एका डब्यातून उचलून दुसऱ्या डब्यात ठेवायची असते आणि तिचा प्रवास नोंदवला जातो. घरगाडीवाले अशा वस्तू लांब-लांब नेतात. आमच्या चपलेची शेवटची नोंद मोंटाना राज्यातली आहे. आम्ही परत आलो, पण ती अजून फिरते आहे.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात आपल्या सोसायटीचा संबंध आहे. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोन फेऱ्या मारतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की यंत्राला आपली जागा काढता येते. पण पूर्वी सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात सैन्याच्या सोयीसाठी मुद्दाम चूक घातलेली असे. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. म्हणजे आपल्या गेटवर उभे राहिलात तर यंत्र तुम्हाला कालव्यात दाखवणार. ती मुद्दाम घातलेली चूक काढून टाकण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी जाहीर केला आणि त्याच मध्यरात्री तो अमलात आला. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ रानात एक काळी बादली ठेवली. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, बेचकी आणि घेवड्याचा एक डबाबंद डबा! आकडे त्यानं इंटरनेटवर कळवले. काही दिवसांतच माइक टीग यानं ती शोधली. त्याच मे महिन्यात मॅट स्टम यानं जिओकॅशिंग हे नाव सुचवलं. आज जगात तीस लाखांहून जास्त डबे आहेत. अंटार्क्टिकावरही आहेत. २००८ साली रिचर्ड गॅरियट यानं अंतराळ स्थानकात एक ठेवला, आणि २०२१ साली मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरही या खेळाचा एक बिल्ला आहे.

बालदोस्तांनो, कल्पना मात्र त्याहून जुनी. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं एका दलदलीच्या जागी बाटली ठेवली. जो तिथवर चालत जाईल त्यानं आपलं कार्ड आत टाकायचं. म्हणजे उपग्रह नव्हते तेव्हाही "मी इथवर आलो होतो" हे सांगायची माणसाला हौस होतीच.

परतीच्या आदल्या दिवशी नातू मला त्या पहिल्या बादलीच्या जागी घेऊन गेला. उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे. आता तिथं एक फलक आहे. तारीख वाचली, ३ मे २०००. मला एकदम सुचलं, आपली सोसायटी नोंदली गेली तेही साल २०००. दोघं एकाच वयाचे. तो फोटो काढून मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. सात जणांनी अंगठा दाखवला, बाकीच्यांनी गुड मॉर्निंगचं फूल.

आता माझ्या गोंधळाकडं येतो.

परत आलो ते डोक्यात खूळ घेऊनच. गेल्या वर्षी मे महिन्यात पोरांना सुट्ट्या लागल्या. सगळी गॅलरीत मान खाली घालून मोबाईलवर. म्हटलं, याच मोबाईलनं यांना खाली उतरवायचं. तिकडं मी एक डबा विजेच्या जोडपेटीसारखा बनवलेला बघितला होता. मला फार आवडला होता. मी एक जुनी जोडपेटी घेतली, आत वही आणि गोट्या ठेवल्या, शोभेला दोन वायरी बाहेर काढल्या आणि पाण्याच्या टाकीच्या मागं चिकटवली. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर शोधायची गंमत काय?

दुसऱ्या दिवशी पहाटे वॉचमननं ती बघितली. टाकीजवळ, चिकटपट्टी, लोंबणाऱ्या वायरी. त्यानं शिट्टी फुंकली. दोन्ही विंग खाली उतरल्या. कुणी पोलिसांना फोन केला. मी दाढी करत होतो, अर्धा फेस तोंडावर, तसाच धावत आलो आणि म्हणालो, "माझी आहे, माझी आहे!" पोलीस आले, त्यांनी मला लांब उभं करून सगळं विचारून घेतलं, मग पेटी उघडली. आतून सहा गोट्या आणि "अभिनंदन, तुम्ही शोधलंत" असं लिहिलेली वही निघाली. हवालदार मला एवढंच म्हणाले, "आजोबा, खेळ चांगला हाय, पण विचारून खेळा की."

त्यांचं बरोबर होतं. वॉचमनचंही बरोबर होतं. त्यानं तसं केलं नसतं तर मी त्याला नाव ठेवलं असतं. तेव्हा मी एकेका घरी जाऊन माफी मागितली होती, आज सर्वांसमोर पुन्हा मागतो. बेवारस वस्तू दिसली की हात लावू नका असं आपण पोरांना शिकवतो, आणि मी आजोबा होऊन नेमकं उलटं शिकवत होतो. खरं तर या खेळाचा नियमच आहे की जागेच्या मालकाची परवानगी घेतल्याशिवाय डबा ठेवायचा नाही आणि खणायचं नाही. मी खेळ आणला आणि नियम तिकडंच विसरून आलो.

पण आपल्या कमिटीचं मोठेपण बघा. मासिक सभेत मला बोलावलं, दोन तास चर्चा झाली आणि ठराव झाला. सोसायटीच्या आवारातच पाच डबे. पारदर्शक बरण्या, वर संस्थेचं नाव, आत काय आहे त्याची चिठ्ठी, आणि जागांची यादी सचिव व वॉचमन यांच्याकडे. त्यात मी एक भर घातली. पुढचे आकडे एकदम द्यायचे नाहीत. आधीच्या डब्यात एक प्रश्न असणार, त्याचं उत्तर हाच पुढच्या आकड्यातला शेवटचा अंक. आणि प्रश्न सगळे आपल्या सोसायटीचे. कोनशिलेवर तारीख काय? पहिल्या वर्षी आठवड्याला पाण्याचे किती टँकर यायचे? मागचं जांभळाचं झाड कुणी लावलं?

टँकरचा हिशोब एकाच माणसाला ठाऊक होता. आपले पहिल्या मजल्यावरचे काका. वय ८४. काकू गेल्यापासून ते खाली उतरायचे बंद झाले होते. आपण सगळे "कसं काय काका" म्हणत जिन्यातून पुढं जायचो, मीही त्यातलाच. गेल्या दिवाळीत पोरांनी त्यांच्या दाराची बेल वाजवली. एक तुकडी गेली, दुसरी आली, तिसरी आली. काकांनी जुनी टँकरची वही काढली. पहिल्या दोन तुकड्यांना उत्तर दिलं. तिसऱ्या तुकडीला म्हणाले, "चला, टँकर कुठं लागायचा ते दाखवतो." आणि ते खाली आले. आज ते पुढच्या रांगेत बसलेत. काका, टाळ्या तुमच्यासाठी आहेत.

डिसेंबरच्या सुट्टीत नातू आला. इथली पोरं त्याला "भावा, चल" म्हणून घेऊन गेली. चार डबे त्याला तासाभरात सापडले, पाचवा सापडेना. तो माझ्याकडं आला. मी म्हटलं, "मशीन तुझं, डोळे पण आता तुझेच." संध्याकाळी त्याला तो जांभळाच्या बुंध्यात सापडला. त्यानं वहीत वाकड्या देवनागरीत दोन शब्द लिहिलेत, "डबा सापडला." मला त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत मिळालं. पोरांना गावी बोलवायचं तर गावात त्यांच्यासाठी काहीतरी शोधायला ठेवावं लागतं.

ज्यांना हा छंद करायचा आहे, त्यांच्यासाठी चार सूचना:

१. वेगळं यंत्र लागत नाही. साध्या मोबाईलला रेंज नसली तरी उपग्रहाचा संदेश मिळतो, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवा. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण १.८५ मीटर, म्हणून आकडे लिहिताना तीन दशांश स्थळं सोडू नका.

२. बस स्टँड, देऊळ, पूल, शाळा, बाजार अशा सार्वजनिक जागी डबा ठेवू नका. खासगी जागेत मालकाला विचारूनच ठेवा. माझा अनुभव पुरेसा आहे.

३. पन्हाळ्यावर डबा नको. तो संरक्षित गड आहे, आणि २०२५ च्या जुलैत तर मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. तिथं बिनडब्याचा खेळ खेळा. अमेरिकेत क्रेटर लेकला आम्ही तेच केलं. ५९४ मीटर खोल तळं, राष्ट्रीय उद्यान, तिथं डबा नाही. जागेवर जाऊन प्रश्नांची उत्तरं शोधायची. पन्हाळा साधारण १६ अंश ४८ मिनिटे उत्तर, ७४ अंश ६ मिनिटे पूर्व. अंबरखान्यात धान्य ओतायला वर झरोके कुठं आहेत, हे पोरांना शोधू द्या. तिथला इतिहास त्यांना कायमचा लक्षात राहील.

४. परदेशातून येणाऱ्या मुलांना सांगा, सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र विनापरवाना भारतात आणू नका. मोबाईल पुरे.

आणि घरगाडीची हौस असेल तर २०२१ साली महाराष्ट्र शासनानंही कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. कधीतरी आपल्या नदीकाठीही अशा गाड्या मुक्कामाला येतील. १९९८ साली वायर्ड व्हिलेज प्रकल्पात आजूबाजूच्या ७० गावांत संगणक आले तेव्हाही लोक म्हणत होते, शेतकऱ्याला हे काय कामाचं? नवीन गोष्टीला हसून मग ती आपलीशी करायची, ही वारणेची सवयच आहे.

पाचव्या डब्यातली वही अजून अर्धी कोरी आहे. तुमची मुलं, नातवंडं पुण्याहून, बंगळुरूहून, परदेशातून आली की त्यांना एकदा जांभळाखाली पाठवा. आणि मंडळी, फक्त त्यांनाच नको, तुम्हीही जा. २५ वर्षं आपण एकाच आवारात राहतो, तरी टँकर कुठं लागायचा हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं?